अडलं की सोडते: साडेपाच वर्षांच्या एका मुलीचं प्रकरण

साडेपाच वर्षांची मुलगी, बालवाडीच्या शेवटच्या वर्गात. घरी आई, बाबा, आजी आणि नऊ वर्षांचा दादा. आईबाबा तिला माझ्याकडे घेऊन आले तेव्हा तक्रार सरळ होती: जरा अडलं की ती हातातलं सोडून देते. कात्रीने कापायला दिलं तर दोन मिनिटांत कागद बाजूला. पझलचे चार तुकडे लागले की पाचव्याला "कंटाळा आला". बुटाची लेस स्वतः बांधायची म्हटलं की पाय पुढे करून "तूच बांध". वर्गातल्या बाईंनीही असंच कळवलं होतं, आणि सोबत शेरा होता: चिकाटी नाही, लक्ष एका जागी ठरत नाही.

त्या शेऱ्याने आई धास्तावली होती. बाबांना हा हट्टीपणा वाटत होता आणि जरा कडक व्हायला हवं असं त्यांचं मत होतं. आजी दोघांवरही नाराज होत्या. "एवढीशी पोर आहे, आत्तापासून कशाला तिच्या मागे लागलात?"

मी आधी विचारलं की ती रमते कशात. मग आईचा चेहरा खुलला. बाहुल्यांना दवाखान्यात नेण्याचा तिचा एक खेळ होता. एक बाहुली बरी झाली की दुसरीला ताप यायचा, तिसरीचा हात मोडायचा, आणि हे तासभर चालायचं. पाण्यात खेळायला बसली की हाक मारलेली ऐकू येत नसे. वर्गातल्या बहुतेक मुलांच्या आधी ती गोष्टीची पुस्तकं वाचू लागली होती. झोप नीट होती, डोळे आणि कान तपासून झाले होते, त्यात काही निघालं नव्हतं. म्हणजे लक्ष टिकत होतं. बिनसत होतं ते अडल्यानंतर.

चिकाटी नाही असा शिक्का बसलेलं मूल समोर आलं की मला कॅरेन अडॉल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेली मोजणी आठवते. एक ते दीड वर्षाच्या आसपासची, नुकती चालू लागलेली मुलं मोकळी खेळत असताना त्यांनी पावलं मोजली. सरासरी निघाली तासाला २,३६८ पावलं आणि १७ पडणी. हीसुद्धा चालायला अशीच शिकली असणार. त्या वयात न थकता पुन्हा उठणारं मूल साडेपाचव्या वर्षी पहिल्याच अडथळ्याला पाठ फिरवत असेल, तर मधल्या काळात ते काहीतरी शिकलेलं असतं. काय शिकलं, ते शोधणं हे इथलं खरं काम होतं.

कात्रीची गोष्ट

पहिला धागा वर्गात सापडला. बाईंच्या परवानगीने मी एक सकाळ मागच्या बाजूला बसून पाहिलं. कापायचा तास सुरू झाला, मुलांनी डब्यातल्या कात्र्या घेतल्या. हिने कात्री डाव्या हातात धरली.

ती डावरी आहे हे घरी सगळ्यांना ठाऊक होतं, वर्गातही होतं. पण डब्यातल्या सगळ्या कात्र्या उजव्या हाताच्या होत्या, आणि याचा अर्थ काय होतो हे कुणाच्या मनात आलं नव्हतं. उजव्या हाताच्या कात्रीत वरचं पातं उजवीकडे असतं. उजव्या हाताने दाबताना अंगठा आणि बोटं दोन्ही पाती आपोआप एकमेकांवर घट्ट आणतात. तीच कात्री डाव्या हातात घेतली की तोच दाब पात्यांना एकमेकांपासून दूर ढकलतो. कागद कापला जायच्या ऐवजी पात्यांमध्ये दुमडतो. शिवाय वरचं पातं नेमकं आखलेल्या रेषेवर आडवं येतं, त्यामुळे कुठे कापायचं ते दिसत नाही. शेजारची मुलं सरसर कापत असताना हिचा कागद चुरगळत होता. तिने मनगट वाकडं करून पाहिलं, कात्री उजव्या हातात घेऊन पाहिली, कागद फिरवून पाहिला. मग कात्री खाली ठेवली आणि शेजारणीशी बोलायला लागली. बाईंच्या नजरेला त्यातलं शेवटचं तेवढं पडलं.

माझ्या मते त्या तासाला तिने केलं ते अगदी शहाणपणाचं होतं. तीन वेगळे उपाय करून झाले, एकही लागू पडला नाही, तिने काम थांबवलं. दर दहा माणसांत साधारण एक डावखुरा असतो. म्हणजे जवळजवळ प्रत्येक वर्गात असं एखादं मूल असतंच. डाव्या हाताची कात्री आणून दिल्यावर पुढच्याच आठवड्यात ती कापू लागली, आणि त्यासाठी तिला कुणी चिकाटी शिकवली नव्हती.

हा भाग मी मुद्दाम आधी सांगते आहे. मूल सोडून देतं तेव्हा ते आपल्याला काहीतरी कळवत असतं. अवजार हाताला बसत नाही, काम वयाच्या पुढचं आहे, सूचना कळलेली नाही, दिसत नाही, भूक लागली आहे. ही यादी तपासल्याशिवाय स्वभावाबद्दल बोलू नये, असं मी प्रत्येक पालकाला सांगते.

कात्रीने एक प्रश्न सुटला, सगळे नाही. पझलला डावं-उजवं नसतं.

पझल आणि बाबांचा हात

घरी नेहमी जसं खेळता तसंच खेळा आणि फोनवर चित्रण करून आणा, असं मी आईबाबांना सांगितलं. चित्रणात काय दिसेल याचा मला थोडा अंदाज होता, तरी ते इतकं स्पष्ट दिसेल असं वाटलं नव्हतं.

बाबा आणि ती जमिनीवर बसली आहेत, समोर चोवीस तुकड्यांचं पझल. कडेचे तुकडे झटपट लागतात. मग मधला एक तुकडा ती उचलते, एका जागी बसवून बघते. बसत नाही. ती बाबांच्या तोंडाकडे बघते. तीनेक सेकंद जातात. बाबांचा हात पुढे येतो, तुकडा फिरवतो, बसवतो. "हं, आता पुढचा." पुढचा तुकडा अडल्यावर ती पझलकडे बघतही नाही, सरळ बाबांकडे बघते. थोड्या वेळाने दादा येतो आणि उभ्या-उभ्याच दोन तुकडे लावून जातो. पझल पूर्ण होतं. आईचा आवाज येतो, "अरे वा, किती हुशार आहे माझी पोरगी!" मुलगी हसत नाही. ती उठून निघून जाते.

हे चित्रण आम्ही तिघांनी बसून पाहिलं. मी काही बोलले नाही. दुसऱ्यांदा पाहताना बाबा म्हणाले, "मी तिला करूच देत नाहीये." माझ्या सांगण्यापेक्षा त्यांनी स्वतः पाहिलं त्याचं मोल मोठं होतं.

बाबांचा हात प्रेमानेच पुढे येत होता. लेक अडलेली बघवत नाही, सकाळी बस पकडायची असते, रात्री आवरायचं असतं. पण ज्युलिया लिओनार्ड आणि सहकाऱ्यांनी २०२१ साली चार-पाच वर्षांच्या मुलांबरोबर नेमकं हेच तपासून पाहिलं आहे. मूल अवघड कोडं सोडवत असताना मोठ्या माणसाने ते हातात घेऊन पूर्ण केलं, तर त्यानंतर दिलेल्या दुसऱ्या अवघड कामावर त्या मुलाने कमी वेळ प्रयत्न केला. ज्यांच्या हातातून काम काढून घेतलं नव्हतं ती मुलं जास्त वेळ झटत राहिली. मोठ्याने काम हातात घेतलं की त्यातून मुलाला काय कळतं? अडल्यानंतरचं काम माझं नाही. आपली मुलगी हे उत्तम शिकली होती. तिची अडल्यानंतरची पायरी एकच होती: बाबांच्या तोंडाकडे बघणं. आणि ती दर वेळी लागू पडत होती.

'हुशार' या शब्दाचंही एक ओझं होतं. ती लवकर वाचू लागल्यापासून घरी-दारी हेच विशेषण तिला चिकटलं होतं. आंद्रेई चिंपियन यांनी सहकाऱ्यांसोबत २००७ साली चार वर्षांच्या मुलांना दोन तऱ्हांनी शाबासकी देऊन पाहिली. काहींना सांगितलं, तू छान चित्र काढणारा आहेस. काहींना सांगितलं, हे चित्र तू छान काढलंस. फरक एवढासाच. पण नंतर चित्रात चूक निघाली तेव्हा पहिल्या गटातली मुलं जास्त खचली. आपण कोण आहोत याबद्दल कौतुक झालं असेल, तर एक चूकही 'मग मी तशी नाहीच' असं सांगू लागते. हिच्या "मला हे आवडतच नाही" या वाक्यामागे मला हेच ऐकू येत होतं. न येणाऱ्या गोष्टीपेक्षा न आवडणारी गोष्ट परवडते.

घरी आधी एक उपाय करून झाला होता: भिंतीवर तक्ता, पूर्ण केलेल्या कामाला चांदणी, दहा चांदण्यांना बक्षीस. पहिले काही दिवस चांदण्या भराभर लागल्या, कारण ती सोपी कामं निवडू लागली. मग तक्ता पडून राहिला. १९७३ सालचा लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांचा प्रयोग यासाठी प्रसिद्ध आहे. चित्र काढायला आधीपासून आवडणाऱ्या बालवाडीतल्या मुलांना बक्षीस कबूल करून चित्रं काढायला लावली, तर पुढे मोकळ्या वेळात तीच मुलं चित्राकडे कमी वळली. मी तक्ता काढून टाकायला सांगितला.

काय ठरवलं

'तुझा मेंदू प्रयत्नाने वाढतो' असं मुलांना समजावण्याची पद्धत आजकाल लोकप्रिय आहे. ती मी इथे वापरली नाही. अशा उपक्रमांचा शाळकरी मुलांच्या गुणांवर सरासरी परिणाम लहानच असतो, असं २०१८ सालच्या एका मोठ्या एकत्रित विश्लेषणात दिसलं आहे. आणि साडेपाच वर्षांच्या मुलीला बोधाचा उपयोग तसाही थोडाच. तिच्या भोवतालची मोठी माणसं अडल्याच्या क्षणी काय करतात, ते बदलायचं होतं.

सगळ्यात मोठा बदल मदतीच्या पद्धतीत केला. डेव्हिड वूड, जेरोम ब्रूनर आणि गेल रॉस यांनी १९७६ साली तीन ते पाच वर्षांच्या मुलांना लाकडी ठोकळ्यांचा मनोरा रचायला शिकवताना मोठ्यांची मदत कशी असावी याचा अभ्यास केला. इमारतीला परांची बांधतात तशी मदत, हे त्यांचं म्हणणं. भिंत उभी राहत जाते तशी परांची उतरवायची. वूड यांनी पुढे त्याच्या पायऱ्या मांडल्या, आणि आम्ही त्या घराच्या भाषेत आणल्या. आधी फक्त थांबायचं, मनात दहा आकडे मोजून. मग नुसता प्रश्न: "आणखी कसं बघता येईल?" त्यानेही नाही झालं तर नेमकी सूचना: "या तुकड्यावर निळा रंग आहे. निळा अजून कुठे दिसतो?" त्यानंतर दोन-तीन तुकडे वेगळे काढून द्यायचे, त्यातला एक तिने निवडायचा. अगदीच अडलं तर करून दाखवायचं, पण दाखवून झाल्यावर तुकडा पुन्हा बाहेर काढून तिच्या हातात द्यायचा. जमलं की पुढच्या वेळी एक पायरी कमी मदत, नाही जमलं की एक पायरी जास्त. शेवटचा हात नेहमी तिचा.

बाबांना दहा आकडे फार जड गेले. ते हात मांडीखाली घेऊन बसू लागले.

शाबासकी बंद केली नाही. फक्त ती पाहिलेल्या गोष्टीची द्यायची ठरवली. "तुकडा बसला नाही तर तू तो उलटा फिरवलास." "आधी कडा लावल्यास, म्हणून मधली जागा कळली." आईला सुरुवातीला हे कोरडं वाटलं. पण अशा बोलण्यात मुलीला पुढच्या वेळी वापरता येईल असं काहीतरी मिळतं. 'हुशार' या शब्दातून तसं काही मिळत नाही.

आजींना मी एक वेगळं काम दिलं. त्या शिवणटिपण करत. सुईत दोरा ओवायला त्यांना वेळ लागे, आणि नात जवळ असली की त्या सुई तिच्याकडे देत. मी म्हटलं, थोडे दिवस तुम्हीच ओवा, तिच्यासमोर, आणि मनात चाललंय ते मोठ्याने बोला. "गेला नाही. टोक पिंजलंय. ओलं करून बघते. उजेडाकडे धरते." याला आधार आहे. २०१७ साली लिओनार्ड, ली आणि शुल्झ यांनी दाखवलं की सव्वा-दीड वर्षाची बाळंसुद्धा हे टिपतात. मोठं माणूस धडपडून, पुन्हा पुन्हा प्रयत्न करून एखादी गोष्ट साधताना ज्यांनी पाहिलं, त्या बाळांनी स्वतःच्या खेळण्याचं न चालणारं बटण जास्त वेळा दाबलं. ज्यांच्यासमोर तेच काम सहज झालं होतं, त्यांनी लवकर सोडलं. आपल्या घरांत मुलांसमोर बहुतेक कामं झालेली दिसतात, होताना अडलेली दिसत नाहीत.

थांबण्याचीही एक रीत ठरवली. कंटाळा आला तर काम एका ताटलीत तसंच ठेवायचं, आणि पुढे कुठून सुरू करायचं त्या जागी तिने स्वतः एक बटण ठेवायचं. त्या ताटलीला दादाने हात लावायचा नाही. हा नियम तिच्यापेक्षा मोठ्यांसाठी जास्त होता. सेलेस्ट किड आणि सहकाऱ्यांच्या २०१३ सालच्या प्रयोगात, दिलेला शब्द पाळणाऱ्या मोठ्यासमोर लहान मुलं बक्षिसासाठी सरासरी बारा मिनिटं थांबली. शब्द मोडणाऱ्यासमोर तीनच मिनिटं. ताटली उद्या जशीच्या तशी मिळेल याची खात्री नसेल, तर उद्यासाठी काही ठेवण्यात तिला काय अर्थ वाटणार?

पुढे काय झालं

आधी बिघडलं. बाबांचा हात येत नाही म्हटल्यावर ती रडली, तुकडे भिरकावले, "तू वाईट बाबा आहेस" म्हणाली. बाबांचा त्या संध्याकाळी फोन आला, आवाज बसलेला होता. आजींनी त्या दिवशी जेवताना कुणाशी बोलणं टाकलं.

आजींच्या रागाला मी खूप मान देते. मानसशास्त्रज्ञ लेव विगोत्स्की यांनी मांडलं की मूल एकट्याने करू शकतं आणि मदतीने करू शकतं, या दोन्हींच्या मधल्या पट्ट्यात शिकणं घडतं. त्या पट्ट्याच्या बाहेर मुलाला एकटं सोडणं ही शिकवण नव्हे. म्हणून खूण ठरवली: कुरकुर, सुस्कारा, "जमत नाही" इथपर्यंत थांबायचं. अंग ताठ झालं, श्वास लागला, तर ताबडतोब सोपं करायचं, जवळ घ्यायचं, त्या दिवशी विषय बंद. चोवीस तुकड्यांचं पझलही मागे घेतलं आणि बाराचं आणलं. आजींनी या खुणा बाबांपेक्षा लवकर ओळखल्या, आणि मग सायंकाळी पझलला त्याच बसू लागल्या.

वळण लागलं ते मुलीच्याच खेळातून. एकदा तुकडा बसेना तेव्हा आजींनी सहज विचारलं, "डॉक्टरबाई, या पेशंटला काय झालंय?" ती लगेच बदलली. तुकडा कानाला लावला, उलटा केला, "याचं पाय वर झालंय" म्हणाली आणि फिरवून बसवला. २०१७ साली रेचल व्हाइट, स्टेफनी कार्लसन आणि सहकाऱ्यांनी चार आणि सहा वर्षांच्या मुलांना एक कंटाळवाणं काम दिलं होतं. शेजारी खेळ ठेवलेला, हवं तेव्हा उठायची मुभा. एखाद्या आवडत्या कष्टाळू पात्राच्या भूमिकेत जाऊन काम करणारी मुलं सर्वांत जास्त वेळ कामावर राहिली. भूमिका घेतली की मूल स्वतःच्या वैतागापासून थोडं लांब जाऊन त्याकडे पाहू शकतं. आजींनी यातलं काही वाचलेलं नव्हतं.

नोंद कशाची ठेवायची यावर आईशी बरीच चर्चा झाली. तिला 'पूर्ण केलं की नाही' लिहायचं होतं. आम्ही ठरवलं की अडल्यावर तिने आपणहून नव्याने हात घातला का आणि काही वेगळं करून पाहिलं का, एवढंच लिहायचं. काही आठवड्यांत वहीत फरक दिसला. बाबांच्या तोंडाकडे बघणं कमी झालं. मग एक दिवस आईने लिहिलं होतं की तिने ताटलीतलं काम सकाळी उठल्या-उठल्या स्वतः काढलं.

लेस बांधायला अजून येत नाही. पण त्या वयाच्या अनेक मुलांना येत नाही, आणि ते मी आईबाबांना ठासून सांगितलं. वर्गात बाईंनी कात्र्यांच्या डब्यात डाव्या हाताच्या दोन कात्र्या कायमच्या ठेवल्या, ज्याचा फायदा आणखी एका मुलाला झाला.

चित्रकला जशी होती तशीच आहे. दादाच्या चित्राशेजारी स्वतःचं चित्र ठेवून ती कागद फाडते. इथे मदतीच्या पायऱ्या लागू पडत नाहीत, कारण अडचण हातात नाही, तुलनेत आहे. त्यावर आम्ही सध्या एवढंच केलं आहे की दोघांनी वेगवेगळ्या वेळी चित्र काढायचं आणि दादाच्या जुन्या, लहानपणच्या चित्रांची वही तिला बघायला द्यायची. परिणामाबद्दल बोलायला अजून वेळ आहे. वर दिलेले बहुतेक प्रयोग काही मिनिटांचे आहेत, घर मात्र वर्षानुवर्षांचं असतं, म्हणून मी या कुटुंबाला वर्षभराच्या आत कसलीच ग्वाही दिलेली नाही.

पहिलीत जाताना नव्या बाईंसाठी आईने एक चिठ्ठी लिहिली. मी फक्त दोन शब्द बदलले. त्यात 'चिकाटी' हा शब्द नाही. लिहिलं आहे: ही डावरी आहे. अडली की आधी तुमच्या तोंडाकडे बघेल, थोडं थांबा. "आवडत नाही" म्हणाली तर कुठे अडलं ते विचारा. काम अर्धं राहिलं तर ठेवायला जागा द्या आणि दुसऱ्या दिवशी ते तिला परत द्या.